सूरशंका : दोन आवाजांचे शांत अल्बम

मागील अंकात या सदरात आम्ही स्त्री आणि पुरुष अशा दोन आवाजांनी मिळून गायलेल्या, गिटार आणि क्वचित पियानो एवढ्याच साथीवर उभ्या असलेल्या, हळू आवाजाच्या इंग्रजी फोक-पॉप अल्बमांची ओळख करून दिली होती. ‘द सिव्हिल वॉर्स’ या नावाने गाणाऱ्या जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट यांचा २०११ चा ‘बार्टन हॉलो’ हा अल्बम त्या टिपणाच्या मध्यभागी होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रांतील प्रश्न एकाच स्वरूपाचे असल्याने ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या कानाला युगुलगीत म्हटले की एक कडवे त्याचे, एक तिचे आणि ध्रुवपदाला दोघे, अशी सवय आहे. ‘बार्टन हॉलो’मध्ये पुष्कळ ठिकाणी दोघे एकाच वेळी, एकच शब्द, पण वेगवेगळ्या चालीत गात असल्यासारखे वाटते. यांत मुख्य गायक कोणता आणि साथीला कोण? ऐकताना नेमके कोणाच्या मागे जावे?

उत्तर : आपल्याला पडलेला संभ्रम हा कानाचा दोष नाही, उलट आपण नेमके ऐकले आहे. आपल्या परिचयाच्या युगुलगीतात दोन पात्रे असतात. तो विचारतो, ती उत्तर देते; गाण्याचा आकार संवादाचा असतो आणि म्हणून दोन आवाज आळीपाळीने पुढे येतात. या अल्बमांतील गाण्यांत बहुधा एकच निवेदक असतो आणि तो दोन गळ्यांतून बोलतो. त्यामुळे दुसरा आवाज उत्तर देणारा नसतो, आणि मुख्य गायकामागे झील धरणाऱ्यासारखाही नसतो. झीलकरी ओळ उचलून तिला जोर देतो. येथे दुसरा गायक तीच ओळ, त्याच क्षणी, पण दुसऱ्या स्वरांवरून चालवत असतो.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पेटीवर पाहता येईल. उजव्या हाताने सा आणि ग एकदम दाबावेत, मग रे आणि म, मग ग आणि प. खालचा स्वर ही गाण्याची मूळ चाल आणि वरचा स्वर ही तिची सोबतीण असे समजले, तर या गाण्यांच्या रचनेचे गमक हाती आले. दोन चालींमध्ये सतत एक स्वर सोडून अंतर राखले जाते. मात्र ते अंतर प्रत्येक ठिकाणी सारखे नसते. सा-ग, म-ध आणि प-नी या जोड्यांत चार अर्धस्वरांचे अंतर पडते, तर रे-म, ग-प आणि ध-सा यांत तीनच. पहिल्या जोड्या उजळ वाटतात, दुसऱ्या किंचित उदास. चाल पुढे सरकते तसा हा उजेड-सावलीचा खेळ आपोआप चालू राहतो, आणि दोन माणसे व एक गिटार एवढ्यावर गाणे भरलेले का वाटते, याचे उत्तर बव्हंशी यातच आहे.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी १९२७ च्या उन्हाळ्यात झालेल्या ध्वनिमुद्रणांत कार्टर कुटुंबाने गायलेली गाणी आजही मिळतात. त्यांत सारा आणि मेबेल या दोघींचे आवाज असेच एकमेकींना धरून चालतात. पुढे भावाभावांच्या जोड्यांनी हे तंत्र इतके घासूनपुसून लखलखीत केले की एव्हर्ली बंधूंच्या गाण्यांत डॉनची खालची आणि फिलची वरची चाल वेगळी काढून ऐकणे कठीण जाते. स्त्री-पुरुषांच्या जोडीत हेच तंत्र हळुवारपणे आले त्याचा एक ठळक टप्पा म्हणजे ग्रॅम पार्सन्स यांचा १९७३ चा ‘जीपी’ हा अल्बम, ज्यात एमिलू हॅरिस यांचा आवाज त्यांच्या आवाजावर पातळ रेशमासारखा पसरलेला आहे. पार्सन्स त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेले आणि दोघांचा दुसरा अल्बम त्यांच्या मागे, १९७४ मध्ये बाजारात आला.

कोणाच्या मागे जावे, हे आपण विचारले आहे. आमची सूचना अशी की एकच गाणे निवडून ते एकदा केवळ त्याच्यासाठी आणि एकदा केवळ तिच्यासाठी ऐकावे, आणि ऐकताना त्या त्या आवाजाबरोबर गुणगुणावे. ज्या आवाजाबरोबर गुणगुणणे सहज जमते ती मूळ चाल, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा लागू पडतो. परंतु ‘बार्टन हॉलो’मध्ये काही ठिकाणी कडव्याच्या मध्यावर मूळ चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि ही अदलाबदल कोठे झाली हे दोन-तीनदा ऐकूनही सापडत नाही. तेथे मुख्य कोण, हा प्रश्नच गैरलागू ठरतो, आणि आमच्या मते त्या अल्बमची खरी कमाई तीच आहे.

प्रश्न : हे गायक जवळजवळ कुजबुजतात. मी काही वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे आणि माझ्या शिक्षकांचे मत असे की ज्यांना आवाज मोकळा लावता येत नाही, तेच लोक माईकला तोंड लावून कुजबुजतात. यात तथ्य आहे काय?

उत्तर : अर्धे तथ्य आहे, आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे. माईक नसता तर हे गाणे जन्मालाच आले नसते. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण भोंग्यातून होत असे. गायकाने सोडलेल्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ ओढत असे, त्यामुळे हळू गाणाऱ्याची रेघच उमटत नसे. १९२५ पासून विजेवर चालणाऱ्या माईकने ध्वनिमुद्रण होऊ लागले, आणि मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेऐवजी समोर बसलेल्या एका माणसाला उद्देशून गाणे शक्य झाले. शिवाय बऱ्याच माईकांचा एक गुणधर्म असा की तोंड जितके जवळ तितका आवाजाचा खर्ज अधिक भरदार उमटतो. कानाशी कोणीतरी बोलत असल्याचा जो भास होतो त्यातला बराच वाटा या गुणधर्माचा आहे. तेव्हा आपल्या शिक्षकांना या साऱ्यात यंत्राचा हातभार दिसतो, तो खोटा नाही.

पण हळू गाणे सोपे असते, असा त्याचा अर्थ काढू नये. श्वासाचा दाब कमी केला की स्वर खाली घसरू पाहतो. दाब न वाढवता त्याला जागेवर ठेवणे किती कठीण आहे हे मंद्रात दीर्घकाळ स्वर लावून बसणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सांगावयास नको. त्यात दोन गळे एकत्र असतील तर आणखी एक अडचण उभी राहते. मोठ्या आवाजात झाकल्या जाणाऱ्या गोष्टी येथे उघड्या पडतात: ओळीच्या शेवटी येणारा ‘स’ किंवा ‘ट’ दोघांचा एका क्षणी आला नाही, तर शब्द फाटल्यासारखा ऐकू येतो. अनुभवी जोड्या त्यावर साधा तोडगा काढतात; शेवटचे व्यंजन दोघांपैकी एकानेच उच्चारायचे आणि दुसऱ्याने स्वरावरच थांबायचे. ऐकणाऱ्याला शब्द पूर्ण ऐकू येतो आणि त्यातली कसर कोणाला कळत नाही.

गळ्यात जोर असूनही मुद्दाम हळू गाणाऱ्यांचे उदाहरण हवे असेल, तर रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राउस यांचा २००७ चा ‘रेझिंग सँड’ पाहावा. प्लांट यांची सारी ख्याती ‘लेड झेपेलिन’ या रॉक बँडमधील तारस्वरातल्या आरोळीवर उभी आहे, आणि येथे तेच गृहस्थ अल्बमभर आवाज आवरून, क्राउस यांच्या स्वच्छ, बारीक आवाजाच्या खाली किंवा शेजारी राहून गातात. कुवत नाही म्हणून गप्प असलेला माणूस आणि बोलण्यासारखे पुष्कळ असूनही मोजके बोलणारा माणूस यांच्या शांततेत जसा फरक असतो, तसा तो ऐकू येतो. या अल्बमला २००९ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

दुसरे टोक ‘लो’ या बँडचे. मिनेसोटातील डुलुथ या गावी १९९३ मध्ये ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर यांनी तो सुरू केला. त्या काळात तरुणांच्या मैफली कान बधिर करणाऱ्या असत, आणि हे मात्र इतक्या संथ व हळू गात की प्रेक्षक आपसांत बोलू लागत. त्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, आणखी उतरवला. पार्कर उभ्याने एक-दोन ढोल आणि एक झांज एवढाच सरंजाम घेऊन, बहुधा काठ्यांऐवजी तारांच्या कुंच्याने वाजवत असत. आपल्या शिक्षकांना ‘लो’चा पहिला अल्बम जरूर ऐकवावा, पटेलच असे नाही, पण दीर्घ स्वरावर दोघांचे आवाज किती स्थिर राहतात ते त्यांच्या कानातून सुटणार नाही. मात्र या प्रकाराच्या नावाखाली दरवर्षी जे ढीगभर अल्बम येतात त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत आपल्या शिक्षकांचेच म्हणणे खरे आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. गायकाने लांब स्वर लावण्याचे टाळून प्रत्येक ओळ श्वासात विरघळवून टाकली, की समजावे, कुजबुज ही सोय आहे, शैली नव्हे.

प्रश्न : असे अल्बम लावले की आवाज वाढवावा लागतो, आणि त्यानंतर दुसरे एखादे गाणे लागले की दचकायला होते. शिवाय रात्री हळू लावले तर गिटारचा खर्ज नाहीसाच होतो. दोष फोनचा की ध्वनिमुद्रणाचा?

उत्तर : दोषी यांपैकी कोणीच नाही. पहिली गोष्ट, १९९० नंतर पॉप गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची पातळी सर्वत्र वर रेटण्याची चढाओढ लागली आणि शांत अल्बम तिच्यातून बव्हंशी बाहेर राहिले. आता गाणी ऐकवणारी बहुतेक ॲप स्वतःहून पातळी सारखी करतात. स्पॉटिफायचे लक्ष्य साधारण उणे १४ लफ्स (आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) इतके असते. ही सोय ॲपच्या सेटिंगमध्ये चालू आहे ना ते पाहावे. अल्बम सलग लावावा हे आणखी चांगले, कारण तेव्हा संपूर्ण अल्बमला मिळून एकच पातळी लावली जाते आणि त्यातले हळू गाणे हळूच राहते. एकेक गाणे मिसळून लावले, तर कुजबुजते गाणेही शेजारच्या गाण्याइतके फुगवले जाते आणि मग त्यात हवा तो नाजूकपणा उरत नाही.

खर्ज नाहीसा होण्याचे कारण मात्र आपल्याच कानात आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाजाची पातळी कमी केली की माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी लवकर ऐकू येईनासे होतात. म्हणून रात्री हळू लावायचे असेल तेव्हा खर्ज थोडा वाढवावा. एरवी गाणारी दोन माणसे खरोखरच खोलीत बसली असती तर जितका आवाज झाला असता तितका ठेवावा. आम्हाला याहून चांगले माप सापडलेले नाही.

प्रश्न : एका मित्राशी पैज लागली आहे. तो म्हणतो, इतक्या जवळिकीने गाणारे दोघे प्रत्यक्ष आयुष्यातही जोडपेच असले पाहिजेत. कृपया निकाल द्यावा.

उत्तर : पैज आपण जिंकलात. विल्यम्स आणि व्हाइट यांची भेट २००८ मध्ये नॅशव्हिल येथे गीतलेखनासाठी जमलेल्या एका बैठकीत झाली. दोघेही आपापल्या जागी, अन्य व्यक्तींशी विवाहित होते. त्यांना जोडपे समजण्याची चूक आपल्या मित्राआधी असंख्य श्रोत्यांनी केली आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांना दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अंतर्गत बेबनावाचे कारण देऊन त्यांनी दौरा मध्येच थांबवला. दुसरा अल्बम २०१३ च्या ऑगस्टमध्ये आला आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला; ती बातमी साजरी करायला जोडी म्हणून दोघे एकत्र नव्हते. २०१४ मध्ये ती जोडी अधिकृतपणे संपली. त्या दुसऱ्या अल्बममध्येही दोघांचे आवाज पूर्वीइतकेच एकजीव आहेत, हे मित्राला आवर्जून ऐकवावे.

त्याच्या समाधानासाठी उलट उदाहरणेही देतो. ‘लो’चे स्पारहॉक आणि पार्कर हे पतिपत्नी होते आणि २०२२ मध्ये पार्कर यांचे निधन होईपर्यंत एकत्र गात राहिले. ग्लेन हॅन्सर्ड आणि मार्केटा इर्ग्लोव्हा यांची ‘द स्वेल सीझन’ ही जोडी काही काळ प्रत्यक्षातही जोडी होती. एका गाण्यासाठी २००८ मध्ये दोघांना ऑस्कर मिळाले, तेव्हा इर्ग्लोव्हा बोलण्याआधीच संगीत सुरू झाल्याने त्यांना मंचावरून जावे लागले आणि जाहिरातींनंतर सूत्रसंचालकाने त्यांना परत बोलावून बोलू दिले, हा प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. ऑस्ट्रेलियाचे अँगस आणि ज्युलिया स्टोन हे तर भाऊबहीण आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण रिचर्ड आणि लिंडा थॉम्पसन या ब्रिटिश दांपत्याचे. १९८२ मध्ये त्यांचा ‘शूट आउट द लाइट्स’ हा अल्बम आला तेव्हा संसार मोडला होता, आणि त्यातील करवादलेली गाणी ही त्या मोडण्याचीच नोंद आहे असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः त्यांतली बहुतेक गाणी त्याआधीच लिहून झालेली होती. सुरांतली जवळीक ही सरावाने येणारी गोष्ट आहे. एकमेकांचा श्वास कधी संपणार हे कळण्यासाठी एकमेकांवर प्रेम असावेच लागते असे नाही, एकमेकांचे ऐकावे मात्र लागते.

प्रश्न : प्रत्येक जण स्वतःला ‘इंडी’ म्हणवतो. हा प्रकार आहे की केवळ लेबल?

उत्तर : शब्दशः पाहिले तर केवळ लेबल, तेही ध्वनिमुद्रण कंपनीचे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काढलेला अल्बम तो ‘इंडी’. या कसोटीवर ‘बार्टन हॉलो’ उतरतो, कारण तो त्या जोडीने आपल्या स्वतःच्या लेबलावर काढला. पण ज्याला ‘इंडी’ शांततेचा नमुना मानले जाते तो ‘लो’चा पहिला अल्बम ‘व्हर्जिन’ या तेव्हाच्या बड्या कंपनीच्या एका उपलेबलावर निघाला होता. आणि पुढे ज्या ‘सब पॉप’ लेबलाकडे ते गेले त्याचा ४९ टक्के हिस्सा वॉर्नरकडे होता. तेव्हा आज हा शब्द मालकीपेक्षा चेहरेपट्टीसाठी अधिक वापरला जातो: वाद्ये थोडी, सफाई बेताची, आवाज बोलण्याच्या जवळचा. त्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी आणि माझी बहीण घरीच एक गाणे ध्वनिमुद्रित करू इच्छितो. मी काळी एकमध्ये गातो, ती काळी चारमध्ये. मधली पट्टी धरली की तिला खाली दबून आणि मला वर ताणून गावे लागते. आमच्याकडे एक गिटार आणि एकच माईक आहे. काय करावे?

उत्तर : एकच माईक आहे हे आपले भाग्य समजावे, त्याकडे शेवटी येतो. आधी पट्टीचा प्रश्न.

मधली पट्टी हा तडजोडीचा मार्ग आहे आणि बहुतेक तडजोडींप्रमाणे त्यात दोन्ही पक्ष नाराज होतात. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचे अंतर आहे. दोघांनी एकच चाल एकाच सप्तकात गायची ठरवले तर ते कोठेतरी भरून काढावेच लागणार. पण पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे दोघांनी एकच चाल गाण्याची गरजच नाही. मूळ चाल बहिणीला तिच्या सोयीच्या जागी गाऊ द्यावी. आपण तिच्याहून एक स्वर सोडून वर न जाता, तोच वरचा स्वर एक सप्तक खाली उतरवून घ्यावा. म्हणजे ती सा लावेल तेव्हा आपण त्याखालच्या सप्तकातील ग, ती रे लावेल तेव्हा खालचा म, याप्रमाणे. अशाने दोन आवाजांत अंतर थोडे अधिक राहते, कोणालाही रेटावे लागत नाही आणि गाणे दाटीवाटीचे न होता ऐसपैस वाटते.

चाल साधारण एका सप्तकात, खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत फिरणारी असेल, तर पांढरी तीनपासून सुरुवात करून पाहावी. बहिणीचा आवाज तेव्हा तिच्या सोयीच्या भागात राहील आणि आपणही तार रिषभाच्या पलीकडे जाणार नाही. पांढरी तीन गिटारवरही सोयीची आहे. तेथून अर्धा स्वर वर-खाली करावासा वाटला तर गिटारच्या दांडीवर लावायचा कॅपो वापरावा. बोटांची ठेवण न बदलता पट्टी सरकवता येते. आपली चाल आधी पेटीवर वाजवून पाठ करावी, मात्र गाताना पेटी बंद ठेवावी. पेटीतला गंधार खऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, ही गवयांची तक्रार जुनी आणि रास्त आहे. गणिताने तो फरक सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका येतो. गिटारचे पडदेही त्याच जातीचे. दोन गळे एकमेकांना ऐकत गाऊ लागले की ते आपोआप खऱ्या जागेकडे सरकतात, आणि दोन स्वर एकमेकांत बसल्याची ती झणझणीत जाणीव होते, जिच्यासाठी हा सारा खटाटोप करायचा.

एक सावधगिरी बाळगावी. सा-ग, रे-म ही जोडी प्रत्येक शब्दावर यांत्रिकपणे लावू नये. गिटारवर जो कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गट) चालू आहे त्यात आपला स्वर बसत नसेल, तर एखाद्या अक्षरापुरता शेजारच्या स्वरावर मुक्काम करावा. काही ओळी दोघांनी एकाच चालीत, सप्तकाच्या अंतराने गाव्यात, काही एकानेच. दुसरा आवाज जेथे नाही तेथेच तो परत आल्याचे सुख मिळते. नवख्या जोड्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकत्र गातात आणि तिसऱ्या कडव्याला ऐकणारा कंटाळतो.

आता माईक. त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे चिन्ह असलेला पर्याय असेल तर तो निवडावा. असा माईक पुढून आणि मागून सारखेच ऐकतो आणि बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. म्हणून दोघांनी त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर उभे राहता येते. समोरासमोर असण्याचा मोठा लाभ म्हणजे एकमेकांचे ओठ दिसतात, श्वास दिसतो, आणि मघाशी सांगितलेला ओळीच्या टोकाचा ‘स’ किंवा ‘ट’ एका वेळी पडतो. तो पर्याय नसेल तर खांद्याला खांदा लावून, माईकपासून वीतभर-दीडवीत अंतरावर उभे राहावे. ज्याचा आवाज मोठा येतो त्याने गळा दाबू नये, पाऊल मागे घ्यावे. अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. आवाजाचे वजन पायांनी साधावे, हे जुन्या ध्वनिमुद्रकांचे तंत्र आजही तितकेच उपयोगी पडते. खोलीत जितके कापड, गाद्या, पडदे असतील तितके बरे. मोकळ्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत ही कुजबुज न्हाणीघरातल्यासारखी घुमते.

एकाच माईकवर दोघे गायले की नंतर एकाचा आवाज वाढवणे, दुसऱ्याचा सूर यंत्राने सुधारणे शक्य होत नाही, कारण दोन्ही आवाज एकाच ध्वनिमुद्रणात कायमचे मिसळलेले असतात. ‘भाग्य’ म्हटले ते यासाठी. एखाद्या ओळीत चूक झाली तर संपूर्ण गाणे पुन्हा गावे लागेल, आणि पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत आपण दोघे गिटारकडे लक्ष देणे सोडून एकमेकांकडे देऊ लागाल. ध्वनिमुद्रण तेव्हा सुरू करावे; आधीच्या प्रती पुसून टाकल्या तरी चालतील.